दात दिसता कामा नयेत

माणूस आयुष्यभर एकच वाक्य म्हणत राहिला, की ते वाक्य त्याच्या तोंडात मुक्कामाला येतं आणि हाकलूनही जात नाही. फोटोकाकांचं असं एक वाक्य होतं. "मान सरळ, ओठ मिटा, दात दिसता कामा नयेत." नोकरीचा अर्ज, पासपोर्ट, ओळखपत्र, परीक्षेचं प्रवेशपत्र, ज्याला ज्याला म्हणून छातीपर्यंतचा फोटो लागे तो काकांच्या स्टुडिओत येऊन हे वाक्य ऐकून जाई.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. मागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, मधे जमिनीत पक्कं बसवलेलं स्टूल आणि त्याच्यासमोर तितकाच पक्का बसवलेला कॅमेरा. अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला. माणसं यायची आणि जायची, स्टूल, कॅमेरा आणि काका जागचे हलायचे नाहीत. आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा होता आणि खुंटीला एक काळा कोट. तो कोट कुणालाही व्हायचा नाही, पण समोरून सगळ्यांना शोभायचा. निम्म्या शहराने त्या एका कोटात नोकऱ्या मिळवल्या.

पुढे कचेऱ्यांनी आपापल्या खिडकीतच फोटो काढायला सुरुवात केली आणि उरलेलं काम लोकांच्या मोबाइलने केलं. काकांनी फार आदळआपट न करता स्टुडिओ बंद केला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात, हे म्हणजे जखमेवर मीठच. काका घरी बसले. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात ते डबे आकाराप्रमाणे लावायला घेतले, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा. पण घराबाहेर करा."

काकू वाचनालयात होत्या. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी मोठी पाटी होती आणि त्या पाटीखाली बसून काकू हसायच्या. हसायच्या म्हणजे कशा, तर आधी खांदे हलायचे, मग डोळे मिटायचे, आणि मग वरच्या ओळीतला एक वाकडा दात सगळ्यांच्या आधी बाहेर यायचा. शेजाऱ्याच्या पायरीवर पाय टाकून उभा राहणारा आगाऊ दात होता तो. तो बाहेर आला, की मागून हसण्याचा आवाज यायचा आणि तो पार मासिकांच्या विभागापर्यंत जायचा. वाचनालयाच्या सभासदांनी याबद्दल तक्रार कधी केली नाही. काही जण तर पुस्तक बदलायचं नसलं तरी येऊन जायचे.

तर एका रात्री जेवताना काकू म्हणाल्या, "माझा तो दात हलतोय. डॉक्टरीणबाईंना दाखवला. ठेवण्यासारखा नाही म्हणाल्या. येत्या गुरुवारी काढणार आणि मग तिथे नवा बसवणार. छान सरळ." आणि गळक्या नळाचा वॉशर बदलायचा आहे अशा सुरात एवढं सांगून त्यांनी ताटात भाजी वाढून घेतली.

काकांचा घास हातातच राहिला.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातला फोटोंचा डबा काढला. काकूंचे फोटो कमी नव्हते. अर्जाचा होता, ओळखपत्राचा होता, पासपोर्टचा, नूतनीकरणाचा, त्याच्याही नूतनीकरणाचा. सगळे काकांनीच काढलेले. सगळ्यांत मान सरळ, ओठ मिटलेले. मुलीच्या मोबाइलमध्ये आईचे पुष्कळ फोटो होते, पण मोबाइल समोर आला की काकूंचा हात तोंडावर जायचा, त्यामुळे त्यातही कपाळ, डोळे आणि तळहात एवढंच होतं. उभ्या संसारात काकूंच्या हसण्याचा एक फोटो नव्हता. आणि नवरा कोण, तर फोटोग्राफर!

काकांना भीती वाटली. गुरुवारनंतर ते हसणं पुन्हा कधी दिसणार नाही आणि आपल्याजवळ त्याची खूणसुद्धा नसेल, अशी ती साधी भीती होती. ते तिला तसं सांगू शकले असते. 'अगं, मला तुझं हसणं फार आवडतं, एक फोटो काढू दे,' एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण प्रेमाचं काही बोलायची वेळ आली, की काकांची दातखीळ बसायची. त्यापेक्षा दुकानात जाऊन कॅमेरा आणणं त्यांना सोपं वाटलं.

दुकानातल्या मुलीने तीन कॅमेरे समोर मांडले. त्यांतला सगळ्यांत स्वस्त काकांनी हातात घेतला. काळा, प्लास्टिकचा, हलका, पुढे एकच लेन्स. वर एक गोल चक्री आणि तिच्यावर डोंगर, फूल, पळणारा माणूस अशी चित्रं.

"हा घ्या सर," ती मुलगी उत्साहाने म्हणाली, "नवशिक्यांसाठी एकदम बेस्ट. काही समजलं नाही तर कॅमेरा स्वतःच सांगतो."

अख्खी हयात फोटो काढण्यात गेलेला माणूस नवशिक्यांचा कॅमेरा घेऊन घरी आला. पण काका मनातल्या मनात कबूल करत होते, की पोरगी काही खोटं बोलली नव्हती. जागचा हललेला माणूस त्यांनी कधी टिपलाच नव्हता. त्यांचा सगळा धंदा न हलणाऱ्या लोकांवर चालला होता.

"हे काय आणलंत?" काकूंनी विचारलं.

"कॅमेरा."

"तो दिसतोय. इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे काढलीत ती पुरली नाहीत वाटतं? असू दे. नव्याचे नऊ दिवस."

मला तर आठच मिळणार आहेत, असं काका मनाशी म्हणाले आणि बॅटरी चार्जिंगला लावायला गेले.

पहिला हल्ला स्वयंपाकघरात झाला. काकू फोनवर मुलीशी बोलत होत्या आणि मुलीने काहीतरी गंमत सांगितली. खांदे हलू लागले. दाराआड दबा धरून बसलेल्या काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं, आणि कॅमेऱ्याने आपला नेम बसल्याची वर्दी दिली. "पीं पीं!" काकूंनी वळून पाहिलं. ओठ मिटले, वर हात आला, मग "टक" असा आवाज करत कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश आपणहून उभा राहिला आणि स्वयंपाकघरात वीज चमकली. फोटोत काकूंचा तळहात फार सुरेख आला होता. हस्तरेषा वाचता आल्या असत्या.

"भुतासारखे दाराआड काय उभे राहता!" काकू म्हणाल्या. "आत्ता उकळतं दूध सांडलं असतं."

चोरी करायला निघालेल्याने सोबत शिट्टी वाजवणारा गडी न्यावा, तसा हा प्रकार होता. काकांनी माहितीपुस्तक उघडलं. तो आवाज बंद करायची सोय कुठल्यातरी यादीच्या पोटात होती. ती सापडेपर्यंत त्यांच्याकडून कॅमेऱ्याची भाषा दोनदा बदलली गेली आणि ती परत मराठी अक्षरांवर आणायला अर्धा दिवस गेला.

मधल्या रविवारी मुलगी, जावई आणि नात आले. हात साफ करून घ्यावा म्हणून काकांनी सगळ्यांचे फोटो काढले. संध्याकाळी मुलीने ते टीव्हीवर लावून पाहिले आणि ती सोफ्यावर आडवीच झाली. जावई छातीपर्यंत, मान सरळ. मुलगी छातीपर्यंत, मान सरळ. सहा वर्षांची नात, जी एरवी पडद्याला लोंबकळत असते, तीसुद्धा दोन्ही कान दिसतील अशी ताठ बसलेली.

"बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "या फोटोंवर आम्हा सगळ्यांना व्हिसा मिळेल!"

"मी कुठे काय केलं? तुम्हीच तसे बसलात."

"तुम्ही म्हणालात, आजोबा," नातीने सांगितलं. "हलू नको म्हणालात. आणि दात दिसले नाही पाहिजेत म्हणालात."

काकांना आठवेना. जित्याची खोड ती, तिला विचारून थोडीच बाहेर पडते. काकू मात्र त्या वेळी हसल्या, चांगल्या मनापासून, वाकड्या दातासकट. आणि कॅमेरा टीव्हीला जोडलेला होता.

मंगळवारी काका वाचनालयात गेले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं एकदा ठरवल्यावर काका मागे हटणारे नव्हते, आणि इथे तर त्यांना नेमके तेच हवे होते. आवाज बंद केला होता, फ्लॅश दाबून बसवला होता, शिवाय एकदा बटण दाबलं की एकामागून एक फोटो निघत राहतील अशी व्यवस्था केली होती. आरोग्याच्या कपाटामागे ते उभे राहिले. दोन पुस्तकांच्या फटीतून काकूंचं टेबल अगदी समोर दिसत होतं. थोड्या वेळाने एक निवृत्त शिक्षक पुस्तक बदलायला आले, टेबलावर वाकून काहीतरी कुजबुजले, आणि काकूंचे खांदे हलले. डोळे मिटले. दात आला.

काकांनी बटण दाबलं. "खटखटखटखटखट!" त्या शांततेत तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा झाला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या चार माना वळल्या. निवृत्त शिक्षकांनी चष्मा कपाळावर घेतला. काकू उठून कपाटामागे आल्या.

"तुम्ही? इथे?"

"पुस्तक बघत होतो."

काकूंनी काकांच्या नाकासमोरच्या पुस्तकाकडे पाहिलं. ते मूळव्याधीवरचं होतं. "मला सांगायचं तरी," त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "लपवण्यासारखं काय आहे त्यात? या वयात होतं."

घरी येऊन काकांनी फोटो पाहिले. कॅमेऱ्याने आपल्या अकलेप्रमाणे सगळ्यांत जवळची वस्तू धरली होती. फोटोत मूळव्याधीवरचं पुस्तक इतकं स्वच्छ होतं, की पुठ्ठ्यावरची धूळ मोजावी. त्याच्यामागे एक पिवळसर धुकं होतं. ते धुकं म्हणजे हसणाऱ्या काकू. त्या रात्री काकांना मऊ भात आणि ताक मिळालं आणि त्यांनी तेही निमूट खाल्लं.

बुधवारी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून विनोद सांगितला. त्यांनी तो सकाळपासून पाठ केला होता. कॅमेरा मांडीवर तयार ठेवून त्यांनी सुरुवात केली, मधे एक पात्र विसरले, परत मागे गेले, शेवट आधी सांगितला. काकू काळजीने त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जातोच आहोत, तर तुम्हालाही कुठल्यातरी डॉक्टरला दाखवू या."

काका गच्चीत जाऊन बसले. त्यांना रडू आलं नाही, पण ते फार लांबही नव्हतं. एका हसण्याचा फोटो आपल्याला काढता येऊ नये? उद्या या वेळेला तो दात कचऱ्याच्या डब्यात असेल, आणि आपण मात्र डोंगर, फूल, पळणारा माणूस फिरवत बसू.

गुरुवारी काकू पर्स घेऊन निघाल्या. काकाही निघाले आणि सवयीने कॅमेरा गळ्यात अडकवला. दवाखान्यात पर्स धरायचं काम त्यांच्याकडे आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. काकूंना त्या लांबलचक खुर्चीत बसवून त्यांनी गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला, चूळ भरायला पाण्याचा ग्लास हातात दिला आणि म्हणाल्या, "काकू, काढायच्या आधी एक फोटो लागेल. मोकळं, पूर्ण हसून. दात बनवणाऱ्याला रंग आणि ठेवण बघायला बरं पडतं. थांबा, मोबाइल आणते."

मग त्यांचं लक्ष काकांच्या गळ्याकडे गेलं. "अरे वा! काका, तुमच्याकडे एवढा चांगला कॅमेरा आहे. तुम्हीच काढा ना."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! आठ दिवस ज्याच्यासाठी दाराआड आणि कपाटामागे उभं राहिलो, ते डॉक्टरीणबाईंनी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. काकांना घाम फुटला. हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी पर्स काकूंच्या दुसऱ्या हातात कोंबली. नेम धरायचा मधला ठिपका काकूंच्या ओठांवर आणला, म्हणजे कॅमेरा या वेळी भलतीकडे जायला नको. दिवा डोक्यावर होता, उजेड भरपूर होता. सगळं नीट होतं. काकांनी श्वास रोखला, आणि त्यांच्या तोंडाने, त्यांना न विचारता, आपलं नेहमीचं काम केलं.

"मान सरळ. ओठ मिटा. दात दिसता कामा नयेत."

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "हा दवाखाना दातांचा आहे."

आधी काकूंचे खांदे हलले. मग ग्लासातलं पाणी हललं. डोळे मिटले, तोंड उघडलं, वाकडा दात दिमाखात पुढे आला आणि त्याच्यामागून असं हसू फुटलं, की बाहेर बाकावर गाल धरून बसलेला एक रुग्ण उठून दारात आला. हात तोंडाकडे निघाले होते, पण एकात पर्स होती आणि दुसऱ्यात ग्लास. अर्धा ग्लास कागदी रुमालावर गेला. त्यामुळे त्या आणखी हसल्या. काकांचं बोट बटणावर होतं आणि वाचनालयातली व्यवस्था त्यांनी बदललेली नव्हती, त्यामुळे कॅमेरा खटखटत राहिला.

बऱ्याच वेळाने सगळे शांत झाले. डॉक्टरीणबाईंनी नवा रुमाल बांधला. "आणि काकू, नवा दात सरळच बसवायचा ना? लॅबला तसं कळवते."

"सरळच," काकू म्हणाल्या. "यांना तो वाकडा कधी बघवला नाही."

काकांनी कॅमेरा खाली घेतला. "मला? कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. वाचनालयाच्या अर्जासाठी फोटो काढायला आले होते मी, तेव्हा. पहिल्यांदाच बघत होतात मला. कॅमेऱ्यामागून डोकं काढलंत आणि म्हणालात, 'तो दात दिसतोय, ओठ मिटा.'"

"अगं, ते मी सगळ्यांनाच म्हणायचो!"

"सगळ्यांनी तुमच्याशी लग्न नाही केलं."

इतक्या वर्षांत तोंडावर आलेले ते सगळे हात काकांना एकदम आठवले. त्यांना वाटायचं, बायको लाजाळू आहे. वाचनालयाच्या पाटीखाली बसून खदखदून हसणारी बाई कॅमेऱ्यासमोरच तेवढी का लाजते, हे विचारायचं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तो दात मला आवडतो," काका म्हणाले. आवाज जरा मोठाच आला. डॉक्टरीणबाई उगीचच ट्रेमधली हत्यारं सारखी करू लागल्या. "पहिल्यापासून आवडतो. तो जाणार म्हणून तर हा डबा आणला. आठ दिवस मी तुझ्या हसण्याच्या मागे लागलोय. मला मूळव्याध नाही!"

काकूंनी पर्स आणि ग्लास बाजूला ठेवला आणि हात पुढे केला. "बघू."

काकांनी कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर फोटो उघडून दिले. बरेचसे हललेले होते. काहींत नुसतं पाणी उडत होतं. एकात मात्र काकू होत्या. डोळे मिटलेले, डोकं मागे टाकलेलं, रुमाल ओला, आणि तो दात सगळ्यांच्या पुढे. काकूंनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. आरशात एकटं कुणी हसत नाही आणि इतर फोटोंत हात होते, त्यामुळे हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"मी अशी हसते?"

"अशीच."

"नेहमी?"

"दिवसातून चार-पाचदा तरी."

काकू आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. "चांगली दिसते की!" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "बाई, नवा दात असाच बसवता येईल का हो? शेजाऱ्यावर चढलेला?"

"येईल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लॅबवाले मला दोनदा फोन करून विचारणार. वाकडा कुणी मागत नाही."

"तर त्यांना दोनदा सांगा." मग काकू नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्यासाठी नाही हं. मला आवडलाय म्हणून."

"बरं," काका म्हणाले.

"फक्त एक आहे," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नजर टाकली, "हा फोटो घरी लावायला छान आहे, पण लॅबला थोडा स्थिर लागेल. अजून एक काढाल का?"

काकांनी कॅमेरा पुन्हा उचलला. समोर कुणी बसलं, की काय म्हणायचं हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. आता मात्र त्यांनी आधी ओठ घट्ट मिटले, दुसरं काही निसटू नये म्हणून, आणि मग शोधून एकच शब्द काढला.

"हस."

काकू हसल्या. दोन्ही हात रिकामे होते आणि दोन्ही हात मांडीवरच राहिले. काकांनी फोटो काढला, मग अजून एक काढला, आणि डॉक्टरीणबाई इंजेक्शन घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या तरी ते काढतच होते.